पेलियाच्या अंगातली दोन घराणी

उत्तर युरोपात ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर पेलिया पसरते. ती यकृतका गटातली, म्हणजे आपले विद्यार्थी वनस्पतिशास्त्रात शिकतात त्या रिक्सिया आणि मार्केन्शियाची नातलग. तिला मूळ, खोड, पान काही नाही; जमिनीला चिकटलेली, टोकाशी दुभंगत जाणारी हिरवी चपटी पट्टी हेच तिचं अंग. वसंतात त्यावर पांढुरक्या, पारदर्शक देठाची काळपट गोल कुपी उभी राहते. बीजाणू त्या कुपीत असतात.

पेलिया एपिफिला आणि पेलिया बोरिॲलिस शेजारी ठेवल्या, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बोरिॲलिसच्या पेशी मोठ्या भरतात. खरा भेद गुणसूत्रांत आहे: एपिफिलात ९, बोरिॲलिसमध्ये १८.

ही दुप्पट कुठून आली? एकाच प्रजातीचा गुणसूत्रांचा संच दुणावला असता, तरी आकडा हाच आला असता. पोलंडमधल्या पोझनानच्या संशोधकांनी उत्तर एन्झाइमांत शोधलं. तेव्हा दिसलं, की 'एपिफिला' या एका नावाखाली दोन प्रजाती नांदत होत्या. दिसायला सारख्याच, म्हणून त्यांना 'एन' आणि 'एस' म्हटलं गेलं. यकृतकेच्या हिरव्या अंगात एरवी गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे एन्झाइम घडवणाऱ्या प्रत्येक जनुकाचं एकच रूप मिळायला हवं. बोरिॲलिसमध्ये 'एन' आणि 'एस' दोघींची रूपं एकाच रोपात मिळाली. या गटातल्या ओजिकोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिचा जन्म संकरातून झाल्याचं मांडलं.

दोन प्रजातींचा संयोग झाला, तरी संकर आधी फक्त संयोगातून उभ्या राहणाऱ्या त्या कुपीपुरता असतो. बीजाणू होताना गुणसूत्रं जोड्या लावून निम्मी व्हावी लागतात आणि परक्या जोड्या नीट जुळत नाहीत. मात्र निम्मं होणं टळलं, तर ९ अधिक ९ असे दोन्ही संच घेऊन बीजाणू रुजतो. पुढच्या पिढीत प्रत्येक गुणसूत्राला स्वतःसारखा जोडीदार मिळतो आणि वंश चालू लागतो.

म्हणूनच यकृतकांची ओळख पटवताना पट्टीचा आकार पाहून थांबणं धोक्याचं आहे. बाहेरून तीन प्रजाती एकच भासतात. नाव चुकलं, तर कोणती कुठे वाढते, कुठे विरळ झाली, हा सगळा हिशेब चुकतो. नमुन्यावर नाव लिहिताना ते पेशींचा आकार मोजून ठरवलं, गुणसूत्रं मोजून की जनुकं तपासून, हेही लिहायला हवं. तरच पुढच्या अभ्यासकाला त्या नोंदीवर भिस्त ठेवता येईल.