हातातील पाटी आणि विद्यापीठाचा वर्ग

विद्यापीठातील व्याख्यानवर्गात एक जुनी अडचण आहे. अध्यापक फळ्यापाशी उभे राहून तासभर बोलतात. समोर ऐंशी, शंभर, कधी दीडशे विद्यार्थी बसलेले असतात. त्यांपैकी कितीजणांना विषय समजला हे अध्यापकांना त्या वेळी कळत नाही. ते परीक्षेनंतर कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. अध्यापनात आलेल्या प्रत्येक नव्या साधनाची पारख या अडचणीच्या कसोटीवर केली पाहिजे. साधन नवे आहे, स्वस्त आहे किंवा आकर्षक आहे, एवढ्यावरून ते शिक्षणास उपयोगी ठरते असे नाही.

भारतात या दिशेने झालेला पहिला मोठा प्रयोग विद्यापीठांसाठी नव्हता, खेड्यांसाठी होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. राजस्थानातील जयपूरच्या परिसराचा त्यांत समावेश होता. तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची तबकडी उघड्यावर उभारून आकाशातील संकेत थेट पकडला जाई. पुढे १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. या दोन्ही योजनांनी दूरवरच्या श्रोत्यांना उत्तम अध्यापकांचे बोल ऐकविले. परंतु संकेत एकाच दिशेने वाहत होता. विद्यार्थ्याची शंका पडद्यातून परत जात नव्हती, आणि व्याख्यानवर्गातील मूळची अडचण जशीच्या तशी राहिली.

परतीचा मार्ग खुला झाला तो प्रत्येकाच्या हाती स्वतःचे उपकरण येऊ लागल्यावर. या बाबतीत ‘आकाश’ या टॅब्लेटची हकीकत बोधप्रद आहे. केंद्र सरकारने २००९ साली माहिती तंत्रज्ञानाच्या द्वारे शिक्षणाची राष्ट्रीय योजना हाती घेतली होती. तिच्या अंतर्गत ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत आकाशचे अनावरण झाले. त्याची किंमत सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास होती. म्हणून जगभर त्याची चर्चा झाली. प्रकल्पाची धुरा आरंभी राजस्थानच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे होती. पुढच्या वर्षी ती मुंबईतील पवई येथील संस्थेकडे आली, आणि प्राध्यापक दीपक फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली काम पुढे चालले.

पहिला आकाश वापरणाऱ्यांची निराशा झाली. तिचे एक कारण पडद्याच्या रचनेत होते. त्या पडद्यात दोन पारदर्शक विद्युत्‌वाहक थर अगदी थोड्या अंतरावर ठेवलेले होते. बोटाने दाब दिला की वरचा थर वाकून खालच्याला टेके, आणि कोणत्या ठिकाणी टेकला हे विद्युत्‌दाबावरून कळे. ही रचना स्वस्त खरी, पण तीत हलका स्पर्श पुरत नाही, नखाने दाबावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या पडद्यात दाबाची गरज नसते. काचेखालील वाहक जाळीवर विद्युत्‌भार असतो. मनुष्याचे बोट स्वतः विद्युत्‌वाहक असल्याने ते जवळ येताच तेथील भार धारण करण्याची क्षमता किंचित बदलते, आणि हा बदल मोजून स्पर्शाचे स्थान ठरते. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते पुढे आलेल्या दुसऱ्या आकाशमध्ये हा पडदा होता. पहिल्यातील ३६६ मेगाहर्ट्‌झच्या प्रक्रियकाऐवजी त्यात एक गिगाहर्ट्‌झचा प्रक्रियक बसविलेला होता.

तरीही आकाश फार काळ टिकला नाही. काही वर्षांतच बाजारात त्याहून चांगले फोन तेवढ्याच पैशांत मिळू लागले, आणि सरकारने वेगळी पाटी वाटण्याचे प्रयोजनच संपले. पवईच्या संस्थेने त्याच सुमारास जे दुसरे काम केले ते मात्र अधिक टिकाऊ ठरले. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दहा हजार अध्यापकांना प्रशिक्षण देण्याची ती योजना होती. पवईतील व्याख्यान देशभरच्या केंद्रांत एकाच वेळी दिसे, आणि दूरच्या केंद्रातील अध्यापकाला तेथूनच प्रश्न विचारता येई. पाटी विद्यार्थ्याला द्यावयाची असेल तर तिच्यावर काय लिहावयाचे हे आधी अध्यापकाला ठाऊक हवे, ही साधी गोष्ट तेथे ओळखली गेली.

त्याच संस्थेतील प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या पाठमालेत निराळी युक्ती आहे. प्रत्येक पाठ सुमारे दहा मिनिटांचा असतो. पडद्याच्या एका भागात पाठ चालू ठेवावयाचा आणि दुसऱ्या भागात तेच काम स्वतः करीत जावयाचे. पडद्यावरचे चित्र तेच ठेवून फक्त निवेदन बदलले जाते. त्यामुळे मराठीसह अनेक भारतीय भाषांत हे पाठ थोड्या खर्चात तयार होऊ शकले. संगणकाचे शिक्षण इंग्रजीवाचून अशक्य आहे असे मानणाऱ्यांनी हे पाठ एकदा पाहावेत.

आता व्याख्यानवर्गाकडे परत वळू. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकी शिकविणारे एरिक माझुर यांनी १९९१ पासून एक पद्धत रूढ केली. व्याख्यान मध्येच थांबवून ते एक प्रश्न देत आणि त्याची चार-पाच संभाव्य उत्तरे दाखवीत. प्रत्येक विद्यार्थी आपले उत्तर नोंदवी. बरोबर उत्तरे शेकडा ३० हून कमी आली तर विषय पुन्हा समजावून द्यावयाचा. ७० हून अधिक आली तर पुढे जावयाचे. आणि मधल्या स्थितीत विद्यार्थ्यांनी शेजाऱ्याशी वाद घालून पुन्हा उत्तर द्यावयाचे. शेजाऱ्याला पटवून देताना विद्यार्थ्याचा स्वतःचा गोंधळ निवळतो. ही पद्धत पुठ्ठ्याच्या रंगीत कार्डांनीही चालते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फोनमुळे एवढेच होते की मोजणी क्षणात होते, नोंद राहते, आणि भिडस्त विद्यार्थ्याचे उत्तर इतरांना दिसत नाही.

फोनमुळे लक्ष विचलित होते हा आक्षेप खोटा नाही. पवईच्या संस्थेत प्राध्यापक भास्करन रामन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘सेफ’ या प्रणालीत त्यावर उपाय योजलेला आहे: चाचणी चालू असताना विद्यार्थ्याच्या फोनवर फक्त चाचणीच उघडी राहते. शंभर फोन एकाच खोलीत असले की दुसरी एक अडचण उद्भवते. बिनतारी जाळ्यात सर्वांना एकच ध्वनिहीन ‘हवा’ वाटून घ्यावी लागते. दोघे एकदम बोलू लागले तर दोघांचेही संदेश वाया जातात. म्हणून मोठ्या वर्गात प्रश्नपत्रिका थोडी आधी उतरवून घेणे शहाणपणाचे असते.

फोनचा आणखी एक उपयोग अनेक अध्यापकांच्या अद्याप लक्षात आलेला नाही. फोनमध्ये त्वरण आणि भ्रमणाची गती मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. सिलिकॉनचा एक इवलासा तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो सरकतो, आणि पडद्याप्रमाणेच येथेही विद्युत्‌भार धारण करण्याच्या क्षमतेतील बदल मोजला जातो. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ साली ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य साधन प्रसिद्ध केले; ते हे संवेदक प्रयोगासाठी खुले करते. एक मीटर लांबीच्या दोरीने फोन टांगून झुलविला तर एका झोक्याचा काळ सुमारे दोन सेकंद येतो. दोरी पाव मीटर केली तर तो एका सेकंदावर येतो. त्यावरून गुरुत्वत्वरणाचे मूल्य काढता येते. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीस विद्यार्थ्यांमागे एक लंबक आहे, तेथे प्रत्येकाला स्वतःचा प्रयोग मिळतो.

हे सारे ज्यांच्याजवळ उपकरण आणि जोडणी आहे त्यांच्यापुरते झाले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे महाविद्यालये बंद झाली आणि फोन हाच वर्ग बनला, तेव्हा हा भेद उघड झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये इंटरनेटची सोय शहरी कुटुंबांपैकी शेकडा ४२ कुटुंबांत होती. ग्रामीण भागात ती शेकडा १४.९ कुटुंबांतच होती. जयपूरच्या जवाहरनगरात राहणारा विद्यार्थी आणि त्याच वर्गात नाव असलेला वाळवंटी खेड्यातील विद्यार्थी यांना एकच व्याख्यान सारखे पोहोचत नाही. थोडा हिशेब करून पाहावा. सेकंदाला ५०० किलोबिट वेगाने येणारे चित्रव्याख्यान तासाला २२५ मेगाबाइट खाते. तेच व्याख्यान ३२ किलोबिटच्या वेगाने केवळ आवाजात पाठविले तर साडेचौदा मेगाबाइटहून कमी जागा लागते, म्हणजे जवळजवळ सोळावा हिस्सा. फळ्यावरील आकृत्यांची चार छायाचित्रे सोबत जोडली तरी हा भार फारसा वाढत नाही. स्पोकन ट्युटोरियलचे पाठही एकदा उतरवून महाविद्यालयाच्या संगणकावर साठविता येतात. मग तेथून फोनवर घेण्यास बाहेरच्या जोडणीची गरज उरत नाही, आणि खेड्यातील विद्यार्थी आठवड्याचे पाठ शनिवारी भरून घरी नेऊ शकतो.