बॅटरी नवी, तरी गाडी बंद

मैत्रिणींनो, आमच्या गटाची जुनी व्हॅन नेमकी बाजाराच्या पहाटेच अडायची. चावी फिरवली की नुसतं टिकटिक. बचतीतल्या पैशांतून दोन बॅटऱ्या बदलल्या. तिसरीची गोष्ट निघाली, तेव्हा आम्ही आधी मल्टिमीटर आणला.

सकाळी बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंजिन चालू असताना 13.8, म्हणजे चार्जिंगही ठीक. मग दोष वाटेतच. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला धरली आणि एकीने चावी फिरवली. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, आमचा दोनच्या पुढे गेला! इंजिनला जोडलेली अर्थिंगची वायर बोल्टखाली गंजली होती. वीज परतते ती याच वाटेने. बॅटरी बदलताना ती वायर हलायची, म्हणून चार दिवस बरं वाटायचं.

बोल्ट खोलून, पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवला. काम करताना बांगड्या काढा, पदर खोचा, गाडी न्यूट्रलला ठेवा. मायनसची वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची, नाहीतर पान्हा बॉडीला टेकून ठिणगी उडते.

गाडी आता पहिल्या चावीला उठते. मीटर गटाच्या पेटीत आहे, लागलं तर घेऊन जा.