उंबरठ्यावरचं वर्ष

2008 च्या ऑगस्टमध्ये आमच्या कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यू झाले. एका मोठ्या आयटी कंपनीची माणसं सकाळी बसमधून उतरली आणि रात्री साडेअकराला नोटीस बोर्डावर यादी लागली. त्यात माझं नाव होतं. आईने दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. महिन्याभराने, 15 सप्टेंबरला, न्यू यॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. आमच्या होस्टेलवर तिचं नाव त्याआधी कुणी ऐकलेलंही नव्हतं. पुढच्या जूनमध्ये पदवी हातात पडली. जॉइनिंगची तारीख मात्र पुढे सरकली, मग आणखी पुढे, आणि मग कंपनीने मेलला उत्तर देणंच सोडलं. पेढे खाल्लेली माणसं रस्त्यात भेटली की विचारायची, "मग, पुण्याला कधी निघालास?"

आमच्या पुढची, 2008 ची बॅच तोवर हिंजवडीत पगार घेत होती. तीच मेस, त्याच झेरॉक्सच्या नोट्स, व्हायवाला छळणारे तेच सर. फरक एका वर्षाचा. त्यातला एकजण तर माझ्याकडून प्रोग्रॅम लिहून घ्यायचा. कितीतरी वर्षं मी हे घरगुती दुःख म्हणून जपलं. मग कळलं की नेमक्या याच फरकावर, म्हणजे एका बॅचचं नशीब आणि पुढच्या बॅचचं नशीब यांतल्या अंतरावर, अर्थशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षं काम करत आहेत. त्यांना जे सापडलंय ते वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आधी एक कोडं. बँक बुडाली अमेरिकेत, कर्जं थकली अमेरिकेतल्या घरांची. मग नोकरी सांगलीकडच्या पोराची का गेली? पहिला दुवा सोपा आहे. आपल्या आयटी कंपन्यांची मोठी गिऱ्हाइकं म्हणजे तिकडच्या बँका आणि विमा कंपन्या. दुसरा दुवा मात्र विचार करायला लावणारा आहे. काम आटलं की कंपनीपुढे तीन रस्ते असतात. सगळ्यांचे पगार कापायचे, आतली माणसं काढायची, किंवा दार लावून घ्यायचं. पगार कापले तर आतले कुरकुरतात आणि जे हुशार असतात तेच आधी निघून जातात. माणसं काढली तर त्यांच्यावर केलेला खर्च वाया जातो, शिवाय बदनामी. दार लावायला मात्र काहीच लागत नाही. जो अजून आत आलाच नाही त्याला काढावं लागत नाही; एक तारीख पुढे ढकलली की झालं. म्हणून देशाच्या उत्पन्नात दोन-चार टक्क्यांची घट झाली तरी तिचा भार सगळ्यांवर सारखा वाटला जात नाही. तो घरंगळत येतो आणि नेमका उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांच्या अंगावर पडतो.

हे झालं पहिल्या वर्षाचं. पण मंदी संपते, दारं उघडतात. मग आपणही आत जातो आणि हिशेब पुरा होतो, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

फिलिप ओरिओपोलोस, टिल फॉन वॉख्टर आणि अँड्र्यू हाइझ या तिघांनी कॅनडात एक अफाट उद्योग केला. विद्यापीठांच्या नोंदी, करखात्याच्या नोंदी आणि कंपन्यांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या, आणि हजारो पदवीधर वर्षामागून वर्षं कुठे काम करत गेले, किती कमवत गेले, ते पाहिलं. 2012 साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बेकारीचा दर पाचेक टक्क्यांनी चढलेला असताना, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या मंदीत, जी मुलं पदवी घेऊन बाहेर पडली त्यांची कमाई सुरुवातीला सुमारे 9 टक्क्यांनी कमी होती. पाच वर्षांनी ही तूट निम्म्यावर आली. आणि पुरती भरून यायला लागली जवळपास 10 वर्षं. आपल्याकडे शनीची साडेसाती साडेसात वर्षांत तरी आटोपते!

या आकड्याची गंमत अशी की त्यात कुणाची लायकी येत नाही. मंदीत सुटलेली बॅच ढ असते असं थोडंच आहे? आई-वडिलांनी मूल जन्माला घालताना बावीस वर्षांनंतरच्या बेकारीचा दर पाहिलेला नसतो. म्हणून तर संशोधकांना हा विषय आवडतो. सारखीच माणसं, फक्त सुटण्याचं वर्ष वेगळं. निसर्गानेच मांडलेला प्रयोग.

पण तूट 10 वर्षं का टिकते? उत्तर त्याच नोंदींत होतं. मंदीत बाहेर पडलेल्यांना नोकऱ्या मिळाल्याच नाहीत असं नाही. त्यांना लहान, कमी पगार देणाऱ्या कंपन्यांत मिळाल्या. आणि तूट भरून निघाली ती त्याच कंपनीत चिकटून राहून नाही, तर एका कंपनीतून दुसऱ्या, थोड्या बऱ्या कंपनीत, तिथून तिसरीत उड्या मारून. रॉबर्ट टोपेल आणि मायकेल वॉर्ड यांनी 1992 साली अमेरिकेतल्या तरुण कामगारांबद्दल दाखवून दिलं होतं की साधारण तरुण पहिल्या 10 वर्षांत 7 नोकऱ्या करतो, आणि या काळात त्याच्या पगारात जी वाढ होते तिचा निदान एक तृतीयांश भाग नोकरी बदलण्याच्या त्या त्या क्षणी होतो. आमच्या घरात 'सारख्या नोकऱ्या बदलतो' हे वाक्य मुलगा नाकारण्याचं कारण म्हणून ऐकू यायचं. प्रत्यक्षात ते सावरण्याचं यंत्र आहे.

सुटकेची वाट अशी दुसऱ्या दारातून जाते. मग ज्या देशात दुसरं दारच नाही तिथे काय होत असेल?

असा एक देश होता, आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे. जपान. तिथे मोठ्या कंपन्या वर्षातून एकदाच, सगळ्या मिळून एकाच हंगामात, कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्यांना घेतात. शेवटच्या वर्षाची मुलं-मुली एकसारखे काळे सूट घालून मुलाखतींना हिंडतात. कंपनीने पसंत केलं तर पदवीच्या आधीच होकार मिळतो, त्याला 'नाइतेइ' म्हणतात. मग 1 एप्रिलला, चेरीला बहर आलेला असताना, देशभर नव्या भरतीचे स्वागतसमारंभ होतात. एकदा आत गेलेल्या माणसाला काढणं कायद्याने आणि रिवाजानेही अवघड. तो बहुधा तिथूनच निवृत्त व्हायचा. पण या सगळ्या सोहळ्याला पात्र असतो तो 'शिनसोत्सु', म्हणजे ताजा पदवीधर. त्या एप्रिलला बस चुकली तर पुढच्या एप्रिलला तुम्ही शिळे.

29 डिसेंबर 1989 ला टोकियोचा निक्केई निर्देशांक 38,915 वर बंद झाला. तो आकडा पुन्हा ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मधल्या पडझडीत कंपन्यांनी तेच केलं: आतल्यांना सांभाळलं, दार लावलं. 1991 साली सुटणाऱ्या पदवीधरांमागे सरासरी 2.86 जागा होत्या, 2000 साली 0.99. या काळाला तिकडे नाव पडलं 'शूशोकू ह्योगाकी', नोकरीचं हिमयुग. शब्द इतका अचूक बसला की 1994 साली नव्या शब्दांसाठीच्या पुरस्कारांत त्याचीही निवड झाली. साधारण 1993 ते 2004 या काळात सुटलेली पिढी आजही याच नावाने ओळखली जाते.

मला सगळ्यात थक्क केलं ते त्या मुलांनी काढलेल्या युक्तीने. नाइतेइ मिळाला नाही की काहीजण मुद्दाम नापास व्हायचे, किंवा पदवी घेणं लांबवायचे. पुन्हा वर्षाची फी भरायची, कारण विद्यार्थी राहिलं तरच पुढच्या हंगामात 'ताजे' म्हणून उभं राहता येतं. पुढे तर काही विद्यापीठांनी यासाठी कमी फीची रीतसर सोयच केली! आपल्याकडे एटीकेटीतून सुटायला मुलं देव पाण्यात ठेवतात, आणि तिकडे हे.

जे सुटले आणि बाहेर राहिले ते कंत्राटी कामांत, दुकानांच्या काउंटरवर, तात्पुरत्या नोकऱ्यांत गेले. युजी गेंदा, आयाको कोंदो आणि सौइची ओता या संशोधकांनी 2010 साली जपान आणि अमेरिका शेजारी शेजारी ठेवून पाहिले. कमी शिकलेल्या अमेरिकन तरुणांवर सुरुवातीच्या मंदीचा परिणाम काही वर्षांत पुसला जातो. जपानमध्ये शाळेतून थेट कामाला लागणाऱ्या तशाच तरुणांवर तो वर्षानुवर्षं टिकतो. कारण तिथे शाळाच मुलांना कंपनीशी जोडून देते, आणि शाळा सुटली की ती दोरीही सुटते.

सरकारला जाग आली, पण सावकाश. पदवीनंतर 3 वर्षांपर्यंतच्या मुलांना ताजेच समजा, असं कंपन्यांना सांगितलं गेलं 2010 मध्ये. त्या पिढीतल्या 3 लाख जणांना कायम नोकरीत आणण्याची योजना आली 2019 मध्ये, म्हणजे त्यातले थोरले पन्नाशीला टेकले तेव्हा. त्याच वर्षी ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका या शहराने हिमयुगातल्या लोकांसाठीच जागा काढल्या. नगरपालिकेला हवी होती तीन माणसं. अर्ज आले 1,816. देशाच्या कानाकोपऱ्यातून, 36 ते 45 वयाच्या माणसांचे. शेवटी चौघांना घेतलं.

या चौघांपेक्षा मला उरलेल्या 1,812 जणांचं कोडं पडतं. त्यांच्यातला प्रत्येकजण 1990 साली सुटला असता तर?

या संशोधनाला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती ऐकून कुणी मंदीला हार घालू नये. मार्कुस नाग्लर, मार्क पिओपिउनिक आणि मार्टिन वेस्ट यांनी अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्राथमिक शाळांतले शिक्षक तपासले. मंदीच्या वर्षांत जे शिक्षकी पेशात आले, त्यांच्या वर्गातली मुलं गणितात जास्त पुढे गेलेली दिसली. बाहेरची दारं बंद झाल्यावर एरवी कुठेतरी कंपनीत गेली असती अशी माणसं शाळेत आली, एवढंच. आपल्यापैकी प्रत्येकाला असे एक तरी सर आठवतील, ज्यांना व्हायचं होतं काहीतरी वेगळंच. आणि एमिली बियांची यांना 2013 साली असं आढळलं की मंदीत सुटलेले लोक, पुढे कितीतरी वर्षांनीही, आपल्या नोकरीवर जास्त समाधानी असतात. 'याहून बरं मिळालं असतं' ही रुखरुख त्यांना कमी लागते. माझ्यापुरतं हे खरं आहे. मी वर्षभर घरी क्लास घेतले, मग कोल्हापुरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर सांभाळलं, तिथून पुण्यात, तिथून दुसरीकडे. पहिला पगार 6,000 होता आणि तो मला फार वाटला होता.

पण समाधान हा पगार नव्हे. आणि ज्यांना क्लास घ्यायला घर नव्हतं, ज्यांच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज होतं, त्यांना पहिली मिळेल ती नोकरी धरून तिथेच राहावं लागलं. कॅनडातल्या आकड्यांतही हेच दिसतं. ज्यांचं शिक्षण भक्कम ते लवकर उड्या मारून वर येतात. बाकीचे खालच्या पायरीवर अडकतात.

आता आमच्या बॅचमधले अनेकजण मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत आहेत, आणि समोर 2020 च्या बॅचची मुलं येतात. 'पदवीनंतर वर्षभर काय करत होतात?' हा प्रश्न आपण सगळेच सवयीने विचारतो. एवढंच करा: तो विचारण्याआधी बायोडेटावरचं पदवीचं वर्ष वाचा.