उभ्याने जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी भांडी

उभ्याने जेवताना माणसाचा एक हात ताट धरण्यात गुंतलेला असतो. भाकरी मोडणे, पाणी पिणे, भेटलेल्या नातेवाइकाला नमस्कार करणे हे सारे उरलेल्या हाताने करावे लागते. पेण-रोह्याकडे साखरपुडा, बारसे, गच्चीवरचा वाढदिवस अशा कार्यांत बुफे आता नेहमीचा झाला आहे. त्यासाठी भांडी निवडताना आणि पदार्थ ठरवतानाही तो एक मोकळा हात आधी ध्यानात घ्यावा लागतो.

ताट साधारण 10 इंचांचे आणि उभ्या काठाचे असावे. बारा-तेरा इंची ताट पंगतीला उत्तम, पण हातावर तोलताना त्याचा भार पुढच्या कडेला जातो आणि मनगट भरून येते. सपाट डिशमध्ये वालाचे बिरडे वाढले की रस थेट कडेपर्यंत येतो. सुटी वाटी ताटात घसरते, म्हणून खणांची स्टीलची थाळी अधिक सोयीची. तिचा दोष एकच: गरम आमटी वाढताच तळ तापतो. केळीचे पान थाळीच्या मापाने कापून आत घातले, तर चटका कमी लागतो आणि थाळी धुणेही हलके होते. मेलामाइन हलके असते, लवकर तापत नाही. मात्र त्यावर हळदीचे डाग बसतात. ओरखडे उठलेली, चिरा गेलेली मेलामाइनची भांडी वापरातून काढून टाकावीत.

वापरून टाकायची ताटे घ्यायची असतील, तर कायदा पाहावा लागतो. थर्माकोलची आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे यांवर महाराष्ट्रात मार्च 2018 च्या अधिसूचनेने बंदी आली. 1 जुलै 2022 पासून ती देशभर लागू आहे. कागदी कपाला आतून बहुधा प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो दिसतो तेवढा निर्धोक नाही. पानांची पत्रावळ जमिनीवर छान बसते. हातात मात्र मध्येच वाकते. उभ्याने जेवायला पोफळीच्या विरीची ताटे सर्वांत चांगली. विरी, म्हणजे पोफळीच्या पानाचा देठाकडचा रुंद भाग, भिजवून मऊ करतात आणि तापलेल्या साच्यात दाबतात. त्यात गोंद लागत नाही. ताट ताठ राहते, रस्सा पेलते. कोकणच्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात फार आधी आणून ठेवू नयेत. वापरण्यापूर्वी उन्हात घालावीत.

सोलकढीला छोटे स्टीलचे पेले पुरेत, तेही पाऊण भरलेले. कोकम आंबट असल्याने कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात सोलकढी ठेवू नये, दिसायला ते कितीही शोभिवंत असो. पेला खाली ठेवायला छातीच्या थोड्या खालच्या उंचीची दोन-चार टेबले हवीतच. नाहीतर पाहुणे खिडकीची कड शोधत फिरतात. वयस्कांसाठी खुर्च्या वेगळ्या मांडाव्यात.

हिवाळ्यातली पोपटी हा याच भागातला खास प्रसंग. भामरुडाच्या पाल्यात, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी केळीच्या पानावर ओततात आणि मंडळी भोवती जमून खातात. इथे चमचा लागत नाही, ताटही नावापुरतेच. खरी गरज असते ती टरफले आणि हाडे टाकायला मोठ्या भांड्याची. शेतातल्या अंधारात ते उजेडापाशी ठेवावे. शेंगा निवत येईपर्यंत हाताला पोळतात, म्हणून प्रत्येकाला जाड द्रोण द्यावा.

एका हाताने खाता येईल तेच अशा जेवणात बरे. अळूवडी, कोथिंबीरवडी, पोह्याचा पापड, मोदक चालतात. काट्यांची मासळी उभ्याने निवडणे फार कठीण. मांडणीत ताटे अगदी सुरुवातीला, पाणी आणि पेले शेवटी ठेवावेत, म्हणजे दोन्ही हात भरल्यावर कोणी अडकत नाही. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर राहतील अशा झाकणाच्या भांड्यात हवेत. प्रत्येकात लांब दांड्याचा डाव, सामिषाचा वेगळा. शंभर पाहुण्यांमागे पंधरा-वीस ताटे जादा घ्यावीत आणि पेले दुप्पट, कारण खाली ठेवलेला पेला पुन्हा कोणी उचलत नाही. उष्ट्या ताटांचे टब दोन ठिकाणी असावेत: एक ओल्या कचऱ्याचा, एक धुवायच्या भांड्यांचा. विरीची ताटे ओल्या कचऱ्यात टाकली तर त्यांचे खत होते.