डोमेनची मुदत कुठं लिहिलेली असते?

गेल्या वर्षी ओळखीच्या एका वाचनालयाचं संकेतस्थळ सकाळी उघडेना. त्याच्या जागी भलत्याच जाहिरातींचं पान. चिटणीसांचा फोन आला, "अहो, हॅक झालं वाटतं." हॅक वगैरे काही नव्हतं, डोमेनची मुदत संपली होती. त्यानंतर मी एक छोटंसं टूल लिहिलं. ओळखीतल्या चाळीसेक डोमेनांच्या मुदती रोज सकाळी तपासायच्या आणि महिना उरला की मला निरोप धाडायचा, एवढंच त्याचं काम. लिहायला एक रविवार पुरला, बिनचूक चालायला मात्र तीन महिने लागले.

आपण सहज म्हणतो, डोमेन विकत घेतलं. खरं तर ते भाड्यानं मिळतं, आणि .कॉमचा भाडेपट्टा एका वेळी फार तर १० वर्षांचा. कोणतं नाव कुणाकडे आहे याचं दप्तर रजिस्ट्रीकडे असतं. .कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन, .इनची निक्सी. आपण पैसे भरतो ते मात्र रजिस्ट्रारकडे. रजिस्ट्रार म्हटलं की आपल्याला खरेदीखताचं ऑफिस आठवतं, पण इथला रजिस्ट्रार म्हणजे मधला एजंट. दप्तर वेगळं आणि एजंट वेगळा, एवढं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यातूनच होतो.

नाव शिल्लक आहे का, हे बघायला बरेच जण ते ब्राउझरमध्ये टाकून पाहतात. पान उघडलं नाही म्हणजे नाव मोकळं, असा त्यांचा हिशेब. तो चुकीचा आहे. प्लॉट घेऊन कुणी वर्षानुवर्षं त्यावर काही बांधत नाही, तसंच इथंही असतं. विचारायचं ते दप्तरालाच.

त्यासाठी पूर्वी 'हूइज' होतं. सर्व्हरच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टवर नाव पाठवायचं की साधा मजकूर परत यायचा. पण तो कुठल्या साच्यात असावा याचा काही नियम नव्हता. कुणी तारीख आधी वर्ष घालून लिहायचं, कुणी महिन्याचं नाव अक्षरात. माझ्या पहिल्या कोडचा निम्मा भाग या तारखा सोडवण्यातच गेला होता. आता त्याच्या जागी 'आरडॅप' आलं आहे. .कॉम, .ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण विस्तारांसाठी हूइज चालवण्याची सक्ती डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेनं २८ जानेवारी २०२५ पासून काढून टाकली. कोणत्या विस्ताराचं दप्तर कुठं आहे, याची यादी आयाना ही संस्था ठेवते. टूल आधी ती यादी बघतं, मग त्या पत्त्यावर नाव विचारतं. उत्तर ४०४ आलं तर त्या नावाची नोंद नाही. नोंद असेल तर जेसनमध्ये नीट मांडलेला तपशील येतो: नोंदणी कधीची, मुदत कधीपर्यंत, शेरे कोणते. देशांच्या विस्तारांवर आरडॅप चालवण्याची आयकॅनची सक्ती नाही, त्यामुळे हूइजचा जुना कोड मी अजून फेकलेला नाही. आणि घाईघाईनं एकामागून एक विचारत सुटलात तर ४२९ येतं, म्हणजे 'जरा दमानं'. चाळीस नावांना मी मध्ये दोन-दोन सेकंद थांबतो.

इथवर सोपं होतं. मग एका डोमेनची मुदत संपायला आली, टूलनं इशारे दिले, मालक म्हणाले, "बघतो." मुदतीच्या दुसऱ्या दिवशी टूल एकदम शांत. दप्तरात तारीख वर्षभर पुढं गेलेली! मला वाटलं, भरले पैसे. भरले नव्हते. .कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री नोंद आपणहून एका वर्षानं वाढवते. एजंटाकडे मग ४५ दिवस असतात. मालकानं पैसे दिले नाहीत तर या दिवसांत तो नाव रद्द करतो आणि त्याला रजिस्ट्रीकडून पैसे परत मिळतात. म्हणजे दप्तर खोटं बोलत नव्हतं, पण मालकाची खरी तारीख एजंटाकडे होती. रजिस्ट्रीच्या उत्तरातच एजंटाच्या आरडॅपचा दुवा असतो. आता टूल तिथंही विचारतं आणि दोन तारखांतली आधीची खरी मानतं. नुसत्या 'ऑटो रिन्यू पीरियड' या शेऱ्यावर विसंबून चालत नाही, पैसे भरलेल्यांच्या नावापुढंही तो दिसू शकतो.

एजंटानं नाव रद्द केलं की ३० दिवस ते जुन्या मालकालाच परत मिळू शकतं, पण दंड भरून. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव खुलं. ही वेळ थोरामोठ्यांवरही येते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली, हॉटमेलचं लॉगिन अडलं आणि एका त्रयस्थ प्रोग्रॅमरनं ३५ डॉलर भरून ते नाव वाचवलं.

देवनागरी नावांची गंमत वेगळीच. २०१४ पासून .भारत मिळतं, मराठीतही. पण डोमेनच्या यंत्रणेत नावं फिरतात ती रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघांत. म्हणून 'पनीकोड' नावाच्या रीतीनं 'भारत'चं होतं एक्स एन, दोन आडव्या रेघा, मग एच २ बी आर जे ९ सी. खरी पंचाईत 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र ची. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पनीकोड मात्र वेगवेगळे. म्हणून माझं टूल आधी ते अदृश्य चिन्ह शोधतं आणि सापडलं की थांबून विचारतं.

आणि ते वाचनालय? ४५ दिवसांच्या आत होतं, नेहमीच्याच फीमध्ये वाचलं. मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण करणं एजंटावर बंधनकारक असतं, तशी पत्रं गेलीही होती. पण ती एका माजी कार्यवाहांच्या पत्त्यावर, ज्यांनी तो ईमेल कधीच सोडला होता. मुदत संपल्यावरचं पत्र वाचनालयाच्याच डोमेनवरच्या पत्त्यावर गेलं, आणि डोमेन बंद म्हणजे टपालही बंद. तेव्हा टूल नसलं तरी चालेल, पण तुमच्या रजिस्ट्रारच्या खात्यावर कोणता ईमेल आहे, तो कोण उघडतं आणि तो त्याच डोमेनवरचा तर नाही ना, एवढं आजच बघून ठेवा.