विश्लेषण : ऑटोमॅटिक कारच्या गिअरबॉक्समधील ऑइल कसे तपासायचे?

गिअर ‘डी’मध्ये टाकला, तरी गाडी क्षणभर जागची हलत नाही. घाटात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. ऑटोमॅटिक कारमध्ये अशी लक्षणे दिसली, की आधी गिअरबॉक्समधील ऑइल तपासावे. दुर्लक्ष झाले तर गिअरबॉक्सच उघडावा लागू शकतो आणि तो खर्च मोठा असतो.

हे ऑइल काय काम करते?

टॉर्क कन्व्हर्टर प्रकारात इंजिनची ताकद या ऑइलमार्फतच गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. आतले क्लच त्याच्याच दाबाने पकड घेतात. शिवाय वंगण आणि थंडावा देण्याचे कामही तेच करते. पातळी खाली गेली, की पंप ऑइलसोबत हवा ओढतो, दाब पडतो आणि क्लच घसरू लागतात.

सर्व ऑटोमॅटिक गाड्या सारख्याच का?

नाही. २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओपासून भारतात रुळलेली ‘एएमटी’ म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्यात क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हलवते. त्यामुळे पुढील पद्धत तिला लागू होत नाही. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचचे ऑइलही वेगळे असते. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

डिपस्टिक असेल तर कसे तपासायचे?

* १५-२० मिनिटे गाडी चालवून ऑइल गरम होऊ द्या. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा.
* इंजिन सुरू ठेवा. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा आणि ‘पी’मध्ये आणा.
* डिपस्टिक काढून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा.
* पातळी ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवी.

बॉनेटखाली फिरता पंखा आणि तापलेले भाग असतात. ओढणी, सैल बाह्या दूर ठेवा.

इंजिन सुरू का ठेवायचे?

इंजिन बंद झाल्यावर बरेचसे ऑइल खालच्या पॅनमध्ये उतरते आणि पातळी फसवी, जास्त दिसते. मात्र होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पाहायचे असते. म्हणून मॅन्युअलमधील सूचनाच अंतिम.

डिपस्टिकच नसेल तर?

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ती नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट उचलून, स्कॅनरवर ऑइलचे तापमान बघून, खालचा प्लग उघडून पातळी ठरवतात. ऑइल तापले की फुगते, त्यामुळे तापमान न बघता केलेली तपासणी चुकते. हे काम घरी करू नये. गॅरेजमध्ये ‘तापमान बघणार ना?’ एवढे नक्की विचारा.

रंगावरून काय कळते?

बहुतेक ऑइल नवे असताना लालसर, पारदर्शक असते. गडद तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे ते तापून खराब झाले. दुधाळ गुलाबी दिसले तर पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. गाडी चालवू नका. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर ही तपासणी आवर्जून करून घ्या.

कमी दिसले तर लगेच भरायचे का?

हे ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. कमी झाले म्हणजे बहुधा कुठेतरी गळती आहे. आधी ती शोधा. जास्त भरले तर फेस होऊन दाब पडतो, म्हणजे पुन्हा तोच त्रास. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच ऑइल थोडे थोडे भरा.

‘लाइफटाइम’ ऑइल कधीच बदलायचे नाही?

गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतःच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलण्याचा सल्ला देते. जुनी ऑटोमॅटिक कार घेताना हे ऑइल कधी बदलले, याचे बिल मागायला विसरू नका.