कचेरीचा समारंभ आणि चाळीचा उत्सव

मोठ्या कंपन्यांचे वार्षिक समारंभ आतां सर्वत्र होतात. एखाद्या हॉटेलचें प्रशस्त दालन घेतलें जातें, दिव्यांचा झगमगाट होतो, नामांकित निवेदक येतो, अध्यक्षांचें भाषण होतें, पारितोषिकें वांटलीं जातात आणि मग भोजन. खर्चांत कसर नसते. तरीहि दुसऱ्या दिवशीं कचेरींत त्याविषयीं फारसें बोलणें ऐकूं येत नाहीं. कोणी बोललेंच तर जेवणाविषयीं. उलट त्याच कचेरींतील एखादा कारकून आपल्या चाळींतल्या गणेशोत्सवाची हकीकत आठवडाभर सांगत असतो, आराशीचीं छायाचित्रें परगांवच्या नातलगांस मोबाइलवरून धाडतो आणि पुढच्या वर्षाचे बेतहि आंखूं लागतो. पैसा इकडे अधिक आणि गोडी तिकडे अधिक, असें कां व्हावें, हा प्रश्न समारंभ योजणाऱ्या प्रत्येकानें स्वतःला विचारण्यासारखा आहे.

उत्सवाची गोडी त्याच्या भव्यतेंत असते, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. १८९२-९३ च्या सुमारास पुण्यांत गणेशोत्सवास सार्वजनिक रूप येऊं लागलें व लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून त्याचा हिरिरीनें पुरस्कार केला. देव घरांतून चौकांत आला एवढ्यानेंच तो उत्सव सार्वजनिक झाला नाहीं. वर्गणी, मेळे, व्याख्यानें, मिरवणूक हीं सारीं कामें लोकांच्या हातीं आलीं म्हणून तो सार्वजनिक झाला. मुंबईंत गिरगांवच्या केशवजी नाईक चाळींतला उत्सव १८९३ पासूनचा. तेथील मूर्ति लहानच असते व ती पालखींतून विसर्जनास जाते. तरी शंभराहून अधिक वर्षें तो उत्सव चालत आला आहे.

मग ही गोडी येते कोठून? पहिली गोष्ट वर्गणीची. वर्गणी थोडी असली तरी ती देणारा उत्सवाचा पाहुणा राहत नाहीं, धनी होतो. त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार येतो, आणि मांडवाची दोरी सुटली तर ती बांधण्याची जबाबदारीहि येते. दुसरी गोष्ट तयारीची. उत्सव दहा दिवसांचा, पण त्याचा आनंद महिनाभर आधींच सुरू होतो. गच्चीवर नाटकाच्या तालमी चालतात, जिन्यांत मखराचे कागद कापले जातात, आणि एरवीं एकमेकांशीं न बोलणारे दोन शेजारी एकाच शिडीच्या दोन बाजू धरून उभे राहतात. कंपनीच्या समारंभांत नेमका हाच भाग ठेकेदाराकडे सोंपविलेला असतो. नोकरदारानें वेळेवर यावें, बसावें, टाळ्या वाजवाव्या व जावें. जें केवळ पाहिलें तें माणूस लवकर विसरतो. ज्याला स्वतःचा हात लागला तें तो दहा जणांना सांगतो.

कामाची जागा आणि उत्सव यांचा मेळ बसतच नाहीं, असें मात्र नव्हे. बंगाल, झारखंड व ओडिशा या भागांत बहुधा १७ सप्टेंबरला येणारी विश्वकर्मापूजा हा कामाच्या जागेचाच सण आहे. यंत्रें पुसून सजविलीं जातात, हत्यारें पूजेस मांडलीं जातात, आणि अनेक कारखान्यांत त्या दिवशीं कामगारांच्या कुटुंबीयांस आंत येऊं देतात. एरवीं फाटकाबाहेरच राहणारीं मुलें, बाप ज्या यंत्रावर राबतो तें यंत्र त्या दिवशीं जवळून पाहतात. महाराष्ट्रांत खंडेनवमीस व दसऱ्यास होणाऱ्या यंत्रपूजेचा भाव हाच. जमशेदपूर येथें ३ मार्च हा जमशेटजी टाटा यांचा जन्मदिवस कंपनीतर्फे साजरा होतो. चित्ररथ निघतात, आणि १९५८ सालीं खुली झालेली ज्युबिली पार्क ही बाग दिव्यांनीं उजळते. ती रोषणाई पाहण्यास कंपनीशीं कांहीं संबंध नसलेले नागरिकहि मुलाबाळांसह लोटतात. त्यामुळें एका कंपनीचा दिवस साऱ्या गांवाचा होतो.

यावरून कचेऱ्यांनीं घ्यावयाचा धडा साधा आहे. महिनाभर आधीं खात्याखात्यांतून माणसें घेऊन मंडळ नेमावें, खर्चाची रक्कम त्याच्या हातीं द्यावी, आणि मग वरिष्ठांनीं त्यांत ढवळाढवळ करूं नये. भाषणें थोडकीं असावींत. भाड्यानें आणलेल्या कलावंतांपेक्षां हिशेबखात्यांतील गायकाला व भांडारावरच्या नकलाकाराला रंगमंच मिळावा. घरच्या मंडळींना बोलवावें. आणि प्रसादाची युक्ति विसरूं नये. जो येऊं शकला नाहीं त्याच्यासाठीं प्रसाद घरीं नेला जातो, व त्याबरोबर हकीकतहि जाते. मोबाइलवरून धाडलेलें छायाचित्र हा एका अर्थीं आजचा प्रसादच होय. परंतु कंपनीच्या नामफलकापुढें उभें करून काढलेलें छायाचित्र कोणी आपणहून धाडीत नाहीं. साहेब ढोलकी वाजवीत आहेत आणि शिपाई नाटकांत राजा झाला आहे, असें छायाचित्र असेल तर तें धाडल्यावांचून कोणाला राहवत नाहीं.

येथें सावधगिरीहि हवी. हजेरी सक्तीची केली, रविवारची सुटी त्यापायीं हिरावून घेतली, किंवा छायाचित्रें पसरविण्याचा हुकूम काढला, तर उत्सव मरतो व जाहिरात उरते. सक्तीच्या वर्गणीनें गल्लीतले उत्सवहि बदनाम झाले आहेत. शिवाय कचेरींत सर्व धर्मांचे लोक असतात. म्हणून उत्सवाची रीत उचलावी, देव ज्याचा त्याच्याकडे राहूं द्यावा. शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. पहारेकरी, झाडलोट करणारे, उपाहारगृहांतील वाढपी, ठेक्यावरचे मजूर हे त्या दिवशीं कोठें असतात? चाळीच्या उत्सवांत वाढणाराहि शेवटच्या पंगतीला जेवावयास बसतो, आणि त्याला आग्रहानें वाढणारे दुसरे असतात. कचेरीच्या समारंभांत अशी शेवटची पंगत बसूं लागली, कीं त्याची हकीकत चार लोकांत सांगा, असें कोणाला बजावावें लागणार नाहीं.